दारफूर : मारणाऱ्याच्याच सहीसाठी अडलेली मुत्सद्देगिरी

गोदाकाठ

सुदानच्या दारफूर प्रांतातलं अल फाशेर शहर आरएसएफ या निमलष्करी दलाच्या हाती पडल्यापासून इथल्या दोन-तीन धाग्यांवर एकच वाक्य वाचतोय : "जगाला आफ्रिकेचं काही पडलेलं नाही, म्हणून हे होतं." दारफूरच्या बाबतीत मला ते पटत नाही. २००४ ते २००८ या काळात दारफूरला जेवढं लक्ष मिळालं तेवढं आफ्रिकेतल्या फार थोड्या युद्धांना मिळालं असेल. सुरक्षा परिषदेने ठरावांमागून ठराव केले, अमेरिकी काँग्रेसने केला, हॉलिवूडची मंडळी रस्त्यावर आली, प्रकरण हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात गेलं. तरी गावं जळतच राहिली. तेव्हा दुर्लक्ष झालं म्हणून हे घडलं, असं म्हणता येत नाही. घोडं अडलं ते दुसरीकडे. ज्यांच्या हुकमावरून गावं जळत होती त्यांच्याच सहीवाचून काही हलायचं नाही, असा कारभार होता. जो काही दबाव जमला तो सगळा ती सही मिळवण्यातच खर्ची पडला.

ज्यांना पार्श्वभूमी नको त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. दारफूर म्हणजे सुदानचा पश्चिमेकडचा, चाडला लागून असलेला मुलूख, महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा. १९१६ पर्यंत तिथे स्वतंत्र सल्तनत होती, मग इंग्रजांनी तो सुदानला जोडला. फूर, मसालीत, झघावा या तिथल्या बिगरअरब जमाती. शिवाय उंट आणि गुरं पाळणाऱ्या अरब टोळ्या. खार्तूमने, म्हणजे राजधानीतल्या सुदान सरकारने, आपल्याला कायम वाऱ्यावर सोडलं, या रागातून फेब्रुवारी २००३ मध्ये बंड उभं राहिलं. एप्रिलमध्ये बंडखोरांनी थेट अल फाशेरच्या विमानतळावर हल्ला करून उभी विमानं जाळली. सुदानी सैन्यात दारफूरचेच जवान भरपूर, त्यांना आपल्याच गावांवर पाठवायची सरकारला भीती. म्हणून अरब टोळ्यांतल्या माणसांना बंदुका दिल्या. हेच जंजावीद. आधी अंतोनोव्ह विमानांतून बॉम्ब पडायचे, मागोमाग घोड्या-उंटांवरून हे यायचे. २००८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मृतांचा अंदाज तीन लाखांपर्यंत सांगितला. खार्तूमचा आकडा होता दहा हजार.

आता मुत्सद्देगिरीकडे.

मार्च २००४. सुदानमधले संयुक्त राष्ट्रांचे सर्वांत वरिष्ठ अधिकारी होते मुकेश कपिला, जन्माने भारतीय, ब्रिटिश नागरिक. न्यूयॉर्कला महिनोन् महिने कळवूनही काही हलेना, तेव्हा त्यांनी बीबीसीवर सांगून टाकलं की रवांडात जे झालं तेच इथे चाललंय, फरक फक्त आकड्यांचा आहे. थोड्याच दिवसांत त्यांना ते पद सोडावं लागलं. त्यानंतर ७ एप्रिलला, रवांडाच्या हत्याकांडाला दहा वर्षं झाली त्या दिवशी, संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी जिनिव्हात दारफूरचं नाव घेतलं. म्हणजे माहिती नव्हती असं कुणालाच म्हणता येणार नाही.

मग थांबलं कशासाठी? नैवाशासाठी. केनियातल्या नैवाशा गावी उत्तर आणि दक्षिण सुदानच्या वाटाघाटी अगदी शेवटाला आल्या होत्या. दोन दशकांचं युद्ध आणि वीसेक लाख मृत्यू यावर पडदा पडणार होता. अमेरिका, ब्रिटन आणि नॉर्वे यांनी त्यासाठी वर्षानुवर्षं घाम गाळला होता. दारफूरवरून खार्तूमला फार डिवचलं तर ते टेबल सोडून उठेल, ही धास्ती. आणि खार्तूमला ही धास्ती पक्की ठाऊक होती. करार झाला ९ जानेवारी २००५ला. दारफूरमध्ये जी गावं जळाली त्यांतली बहुतेक तोवर जळून गेली होती.

सुरक्षा परिषदेचा पहिला मोठा ठराव ३० जुलै २००४चा, क्रमांक १५५६. जंजावीदांना ३० दिवसांत निःशस्त्र करा, असं खार्तूमला बजावलं. १३ मतं बाजूने, चीन आणि पाकिस्तान तटस्थ. ज्यांनी बंदुका वाटल्या, त्या गोळा करायचं कामही त्यांच्याचकडे! ३० दिवस गेले, बंदुका होत्या तिथेच राहिल्या. १८ सप्टेंबरला ठराव १५६४ आला. तेलावर निर्बंध घालायचा विचार करू, अशी त्यात धमकी होती. तो विचार पुढे सरकलाच नाही. मार्च २००५च्या ठराव १५९१ने दोषी व्यक्तींवर प्रवासबंदी घालायची आणि मालमत्ता गोठवायची सोय केली. यादीत पहिली नावं पडायला एप्रिल २००६ उजाडलं. नावं किती? चार. एक लष्करी अधिकारी, जंजावीदांचा म्होरक्या मूसा हिलाल, आणि दोन बंडखोर.

सगळ्यांत बोलका ठराव १७०६चा, ३१ ऑगस्ट २००६. दारफूरला १७,३०० पर्यंत सैनिक पाठवायला परिषदेने मंजुरी दिली, आणि त्याच ठरावात सुदान सरकारला संमती देण्याचं आवतण दिलं. सुदानचे राष्ट्राध्यक्ष बशीर नाही म्हणाले. संपलं. ऑक्टोबरमध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांचे दूत यान प्रॉन्क यांना ब्लॉगवर काहीतरी लिहिलं म्हणून देशाबाहेर काढलं. नोव्हेंबरमध्ये अन्नान अदिस अबाबाला बसून नवा तोडगा काढत होते : निम्मं संयुक्त राष्ट्रांचं, निम्मं आफ्रिकन युनियनचं मिश्र दल. ठराव १७६९, ३१ जुलै २००७, एकमताने मंजूर. सैनिक आणि पोलीस मिळून २६ हजारांच्या आसपास. कागदावर जगातलं सर्वांत मोठं शांतिदल.

आणि या सहीची किंमत? सैनिक मुख्यतः आफ्रिकनच हवेत. नॉर्वे-स्वीडनची अभियंता तुकडी नको, चीनची चालेल. रात्री विमान उडवायचं नाही. व्हिसा आम्हाला वाटेल तेव्हा. ८ जुलै २००८ला या दलाच्या गस्तीवर हल्ला होऊन सात जण मारले गेले, तेव्हा ज्यांच्या रक्षणाला ते आले होते त्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं असेल.

याला मी अपयश म्हणत नाही, कारण खार्तूमच्या बाजूने बघितलं तर हे घवघवीत यश आहे. प्रत्येक 'हो'साठी काहीतरी पदरात पाडून घेतलं आणि प्रत्येक 'हो' पुरेसा उशिरा दिला.

जाणकारांनी भर घालावी. वंशसंहार म्हणायचं की नाही, या वादात मी मुद्दाम शिरलेलो नाही.

टिनपाट

उत्तम लेख, वाचनखूण साठवली. एक बाळबोध शंका. दोन्हीकडे मुसलमान, दोन्हीकडे काळेच लोक, मग भांडण नक्की कशाचं? बातम्यांत "अरब विरुद्ध आफ्रिकन" असं येतं ते मला कधीच झेपलं नाही.

गोदाकाठ

टिनपाट, शंका बाळबोध मुळीच नाही, कित्येक राजदूतांनाही ती शेवटपर्यंत सुटली नव्हती. मुळात भांडण जमिनीचं आणि चराईचं. आपल्याकडे सुगी झाली की शेतकरी धनगरांची मेंढरं रानात बसवतात. त्याला लेंडीखत मिळतं, यांना चारा. दारफूरमध्ये शेतकरी आणि उंटवाले यांचं बरंचसं असंच चालायचं. सल्तनतीच्या काळापासून 'हाकुरा' नावाची जमीनवाटप पद्धत होती, कुणाचे कळप कुठल्या वाटेने जाणार हे ठरलेलं असायचं. उत्तरेकडच्या काही उंटवाल्या टोळ्यांकडे स्वतःचा हाकुरा नव्हता. १९८४च्या दुष्काळानंतर वाळवंट खाली सरकलं, वाटा मोडल्या, शेतकऱ्यांनी कुंपणं घातली. त्याच दशकात लिबिया आणि चाडच्या लढायांमधून या भागात बंदुकांचा सुळसुळाट झाला. एवढं सगळं तयार असताना खार्तूमने एका बाजूला सांगितलं की जमीन घ्या, आम्ही विचारणार नाही. जमातीची ओळख जुनीच होती, पण शेजाऱ्याचं गाव जाळायला ती पुरेशी ठरली ती इथून.

लेफ्ट_राइट

मी दारफूरला नव्हतो. दक्षिणेत मलाकालला भारतीय तुकडीबरोबर होतो, वेगळ्या मिशनवर. पण दारफूरहून येणारे-जाणारे भेटायचे, त्यावरून दोन गोष्टी.

गोदाकाठ साहेब, तुम्ही संमतीला फार झोडपलंत. संमतीशिवाय जायचं म्हणजे काय हे एकदा नकाशा समोर ठेवून बघा. बंदर एकच, पोर्ट सुदान, तेही देशाच्या दुसऱ्या टोकाला. तिथून दारफूरपर्यंत माल न्यायचा तर सगळा रस्ता त्याच सरकारच्या ताब्यात. दारफूरला समुद्र नाही, धड रस्ते नाहीत, पाणी नाही. पाण्यासाठी बोअर मारायची तरी जमीन द्यायला सरकार लागतं. २६ हजार माणसांना रोज पाणी पाजायचं गणित करा, मग ठराव लिहिणाऱ्यांवर हसा. संमतीशिवाय जाणं म्हणजे आक्रमण, आणि २००३ला इराकमध्ये घुसल्यानंतर आणखी एका अरब देशात फौज उतरवायला वॉशिंग्टनमध्ये कोण तयार होतं?

आणि दोष फक्त खार्तूमचा नाही. या दलाला २४ हेलिकॉप्टर हवी होती. अन्नान यांच्यानंतरचे सरचिटणीस बान की मून दारोदार फिरले. पहिली दोन वर्षं जगातल्या एकाही देशाने दिली नाहीत. त्यासाठी बशीरची सही लागत नव्हती.

अवांतर : खडकवासल्याला एनडीएच्या मुख्य इमारतीचं नाव 'सुदान ब्लॉक' का, हे बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. दुसऱ्या महायुद्धात इटालियन फौजांपासून सुदान वाचवताना भारतीय जवान लढले, त्याची कृतज्ञता म्हणून सुदानने पैसे दिले होते. त्यातला आपल्या वाट्याचा पैसा या इमारतीला लागला. त्याच मोहिमेत पुढे एरिट्रियातल्या केरेनला मराठा पलटणी लढल्यात.

शंकासुर

सुदान ब्लॉक ठीक आहे, पण आपल्या अंगणातलंही बोलू या का?

२००३. दारफूर पेटलेलं. त्याच वर्षी ओएनजीसी विदेशने सुदानच्या ग्रेटर नाईल तेलप्रकल्पातला २५ टक्के हिस्सा घेतला. तो कुणी विकला? टॅलिस्मन या कॅनडाच्या कंपनीने. का विकला? दक्षिणेत तेलासाठी गावं उठवली जातात, म्हणून तिच्यावर मायदेशात टीकेचा भडिमार चालला होता. चीनचे ४० टक्के, मलेशियाचे ३०, आपले २५ आणि सुदानचे स्वतःचे ५. ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपती कलाम खार्तूमला जाऊन आले. पुढे २०१५मध्ये बशीरच्या नावावर हेगची दोन वॉरंटं असताना आपण त्याला भारत-आफ्रिका परिषदेसाठी दिल्लीत पायघड्या घातल्या. दर वेळी चीनच्या नावाने बोटं मोडायची आणि स्वतःचे २५ टक्के विसरायचे, हे आपलं नेहमीचंच.

वकीलीणबाई

शंकासुर, वॉरंटपुरतं सांगते. हेगचं फौजदारी न्यायालय ज्याने उभं राहिलं त्या रोम कराराचा भारत सदस्य नाही, त्यामुळे बशीरना अटक करण्याचं कायदेशीर बंधन आपल्यावर नव्हतं. दारफूरचं प्रकरण हेगला पाठवणाऱ्या ठराव १५९३मध्येच लिहिलंय की जे देश कराराचे सदस्य नाहीत त्यांच्यावर बंधन नाही. नैतिक काय ते तुम्ही ठरवा. दक्षिण आफ्रिका मात्र सदस्य आहे. जून २०१५मध्ये आफ्रिकन युनियनच्या परिषदेसाठी बशीर जोहान्सबर्गला असताना तिथल्या कोर्टाने त्यांना देश सोडू देऊ नका असा आदेश दिला होता. सुनावणी चालू असतानाच ते लष्करी विमानतळावरून निघून गेले.

गोदाकाठ, वंशसंहाराचा वाद टाळलात ते एका परीने बरं केलंत, पण त्यातली एक गोष्ट तुमच्याच मुद्द्याला जोडणारी आहे. ९ सप्टेंबर २००४ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की दारफूरमध्ये वंशसंहार झाला आहे. आणि त्याच साक्षीत हेही सांगितलं की या निष्कर्षामुळे अमेरिकेला वेगळं काही करावं लागत नाही. वंशसंहारविरोधी करारात 'रोखण्याचं' बंधन आहे, पण कसं आणि कुणी, हे मोकळं सोडलंय. नंतर संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या अंतोनियो कासेसे यांच्या चौकशी आयोगाने जानेवारी २००५मध्ये सरकारचं वंशसंहाराचं धोरण सिद्ध होत नाही असं म्हटलं, पण गुन्हे तितकेच गंभीर आहेत असंही बजावलं आणि प्रकरण हेगला पाठवायची शिफारस केली. ५१ संशयितांची नावं मोहोरबंद पाकिटात होती. ३१ मार्च २००५ला परिषदेने प्रकरण पाठवलं. ११ मतं बाजूने. अमेरिका, चीन, ब्राझील, अल्जीरिया तटस्थ. ज्या न्यायालयाला अमेरिका तेव्हा पाण्यात पाहत होती, त्याच्याकडे प्रकरण जाऊ दिलं हे छोटं नव्हे. आणि या एका पावलाला खार्तूमची सही लागली नाही.

मीठभाकर

एवढं आफ्रिकेचं दुःख आहे तर आधी मणिपूरवर धागा काढा की. आपल्या घरचं जळतंय ते दिसत नाही, आणि निघाले सुदान विझवायला.

संपादक मंडळ

मणिपूरवर धागा आहे आणि चालू आहे. कृपया तिथे लिहावे. या विषयावरचे पुढचे अवांतर प्रतिसाद काढले जातील.

सदू_सातारकर

लेख आवडला, निष्कर्ष अजिबात नाही.

पहिलं नैवाशा. तुम्ही असं लिहिलंय की जणू दक्षिणेसाठी दारफूरचा बळी दिला. मग उलटं करून बघा. दारफूरवरून ताणलं असतं आणि नैवाशा फिसकटलं असतं, तर दक्षिणेत आणखी किती वर्षं युद्ध चाललं असतं? वीस लाख आधीच गेले होते. त्या खुर्चीत बसून तुम्ही काय केलं असतंत? वाटाघाटी करणाऱ्यांसमोर दोन आगी होत्या, हातात पाणी एकीपुरतं. पश्चिमेतली आग नुकती लागली होती, दक्षिणेतली वीस वर्षांची.

दुसरं, हेग. संमतीवाचून केलेली एकच गोष्ट, म्हणून बाईंनी कौतुक केलं. पण ४ मार्च २००९ला बशीरवर वॉरंट निघालं आणि लगेच सुदानने १३ परदेशी मदतसंस्थांना चालतं केलं. छावण्यांतल्या लाखो लोकांच्या औषधपाण्याचा आणि अन्नाचा मोठा भाग या संस्था बघत होत्या. त्याचा जाब कुणी द्यायचा? जुलैमध्ये लिबियात सिर्त इथे आफ्रिकन युनियनने ठराव करून टाकला की बशीरच्या अटकेत सहकार्य करणार नाही. म्हणजे वॉरंट निघालं आणि आफ्रिकेतली जी काही राजकीय साथ होती ती पण गेली. सही न घेता केलेल्या कामाची ही किंमत.

गोदाकाठ

सदूभाऊ, नैवाशाबद्दल. करार करू नये असं मी म्हणत नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. आधी करार, मग दारफूर, असा क्रम लागला आणि तो खार्तूमला कळला. मग करार जितका लांबवू तितकी दारफूरमध्ये मोकळीक, हे शाळकरी पोरालाही सुचलं असतं. उत्तर-दक्षिणेचा सत्तावाटप आणि तेलवाटपाचा मसुदा मे २००४ पर्यंत बहुतेक तयार होता, सही झाली जानेवारीत. मधले महिने दारफूरचे किती वाईट होते ते छावण्यांच्या संख्येवरून कळतं. शिवाय करारातून दारफूर वगळलं, त्यामुळे तिथल्या तरुणांना संदेश गेला की दक्षिणेसारखी बंदूक उचलल्याशिवाय टेबलावर खुर्ची मिळत नाही.

हेगबद्दल तुमचं बरोबर आहे की किंमत छावण्यांनी मोजली. पण परिषदेने प्रकरण पाठवताना वॉरंट बजावणार कोण, याचा विचारच केला नाही. न्यायालयाकडे पोलीस नाहीत. पैसेही ठरावात दिले नाहीत. उलट हात झटकून मोकळे झाले. संस्था हाकलल्यावर परिषदेने काय केलं? निषेधाचं एक साधं निवेदनही एकमताने काढता आलं नाही.

लेफ्ट_राइट साहेब, पाण्याचं गणित मान्य. पण फौज घुसवणं आणि हात जोडून बसणं यांच्या मध्ये बरंच काही होतं. तेल. बँका. दुबईतली मालमत्ता. १९९७ पासून अमेरिकेचे सुदानवर निर्बंध होते, त्यातून डिंक मात्र वगळला होता, कारण शीतपेय कंपन्यांना तो लागतो आणि सुदानइतका कुठेच पिकत नाही. डिंकाची जर एवढी काळजी घेता येते, तर तेलावर काही करता आलं नसतं हे मला पटत नाही.

टिनपाट

चीनचं काय? २००८च्या ऑलिम्पिकच्या वेळी गदारोळ झाला होता असं पुसट आठवतंय. स्पीलबर्गने काहीतरी सोडलं होतं.

गोदाकाठ

हो. बीजिंग ऑलिम्पिकच्या उद्घाटन सोहळ्याचं कलासल्लागारपद त्याने फेब्रुवारी २००८मध्ये दारफूरचं कारण देऊन सोडलं. पण महत्त्वाचं त्याच्या आधीच झालं होतं. २००७च्या वसंतात अमेरिकेत "वंशसंहाराचं ऑलिम्पिक" अशी मोहीम सुरू झाली, आणि मे महिन्यात चीनने ल्यू गुइजिन यांना खास दूत नेमलं. इतकी वर्षं "अंतर्गत प्रश्न" म्हणणारा देश! त्यानंतर दोनेक महिन्यांत १७६९ला चीनने मत दिलं आणि खार्तूमनेही मान डोलावली. बीजिंगमधून दबाव आला की बशीर हलतो, हे एकदा दिसलं. ऑलिम्पिक झाल्यावर तो दबावही ओसरला. यातून काय शिकायचं ते आपल्या २५ टक्क्यांनाही लागू होतं, शंकासुर म्हणतात त्यात तथ्य आहे. सुदानला सुरक्षा परिषदेतलं छत्र चीनचं होतं, आपलं नव्हतं. पण तेलाच्या टेबलावर आपण बसलेलो होतो.

अबोली_मस्कत

तुम्ही सगळे २००४मध्येच अडकलात, २०२३ नंतरचं कुणी बोलेना म्हणून लिहिते.

तेच जंजावीद २०१३मध्ये 'आरएसएफ' नावाने रीतसर दल झाले. म्होरक्या हेमेदती. एप्रिल २०२३मध्ये त्याचं आणि लष्करप्रमुख बुरहानचं फाटलं, खार्तूममध्येच लढाई जुंपली. आपल्या सरकारने 'ऑपरेशन कावेरी' करून पोर्ट सुदानहून जेद्दामार्गे ३,८६२ लोकांना आणलं, त्यातली काही विमानं थेट मुंबईत उतरली होती. आमच्या ओळखीतलं एक कुटुंब त्यात होतं. ओमदुर्मानला पिढीजात दुकान, दार ओढून घेतलं आणि निघाले.

इकडे आखातात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट म्हणजे सोनं. दारफूरच्या जबल आमिरच्या खाणी हेमेदतीकडे होत्या. जानेवारी २०२५मध्ये अमेरिकेने आरएसएफने वंशसंहार केला असं जाहीर केलं आणि त्याच दिवशी अमिरातीतल्या त्याच्याशी जोडलेल्या सात कंपन्यांवर निर्बंध घातले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी चाडच्या वाटेने अमिरातीतून शस्त्रं जातात हे आरोप विश्वासार्ह म्हटलेत. अमिरातीने कायम इन्कार केलाय. आणि शांततेसाठी जो चौघांचा गट बसतो तो कोण? अमेरिका, सौदी, इजिप्त आणि अमिरात. इजिप्त लष्कराच्या बाजूचा. पंचच पक्षकार.

तेव्हा गोदाकाठ, तुमचा सिद्धांत आता चालत नाही. आता सही मागायला सुदानमध्ये एकच सरकार आहे कुठे? मारणारा वेगळा, सही करणारा वेगळा.

वकीलीणबाई

अबोलीताईंच्या प्रतिसादाला जोड. मार्च २०२५मध्ये सुदानने अमिरातीला थेट आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं, मसालीतांच्या वंशसंहाराला साहाय्य केल्याच्या आरोपावरून. ५ मे रोजी न्यायालयाने प्रकरण यादीतूनच काढून टाकलं. पुरावा तपासून नव्हे. वंशसंहार कराराच्या कलम ९प्रमाणे वाद या न्यायालयात नेता येतो, पण करारात सामील होताना अमिरातीने ते कलम स्वतःला लागू करून घेतलेलं नाही. म्हणजे इथेही आरोपीची संमती हवीच! आणि असा अपवाद राखणारे ते एकटे नाहीत. भारताने १९५९मध्ये करार मान्य केला तोच याच कलमावर आरक्षण ठेवून. आपल्याविरुद्ध खटला आपल्या संमतीशिवाय चालू शकत नाही. अमेरिकेचंही तसंच.

हेगच्या दुसऱ्या न्यायालयात मात्र ६ ऑक्टोबर २०२५ला जंजावीद म्होरक्या अली कुशैब २७ आरोपांत दोषी ठरला. गुन्हे २००३-०४चे. तोही पकडला गेला नाही, २०२०मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकात आपणहून शरण आला होता. निकालानंतर वीस दिवसांनी अल फाशेर पडलं.

गोदाकाठ

अबोलीताई, तुम्ही म्हणता तसं असतं तर प्रश्न सोपा झाला असता. २०२४मधलं आद्रेचं प्रकरण बघा. आद्रे ही चाडची सीमाचौकी. पलीकडे पश्चिम दारफूर, एल जेनिना. २०२३मध्ये एल जेनिनात मसालीतांचं जे शिरकाण झालं त्यात एका शहरात १० ते १५ हजार माणसं मेली असा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांचा अंदाज आहे. जगली ती याच वाटेने आद्रेला आली. दारफूरमध्ये धान्य न्यायला सर्वांत जवळची वाट हीच. फेब्रुवारी २०२४मध्ये बुरहानच्या सरकारने ती बंद केली. त्या सरकारचा त्या सीमेवर एक शिपाई नव्हता, पलीकडचा सगळा भाग आरएसएफकडे. तरी संयुक्त राष्ट्रांचे ट्रक थांबले, कारण मान्यता असलेलं सरकार तेव्हा पोर्ट सुदानला बसलं होतं आणि सीमा त्याची. १५ ऑगस्टला वाट उघडली तीही तीन महिन्यांच्या मुदतीवर, मग मुदतवाढ, मग पुन्हा मुदतवाढ. त्याच ऑगस्टमध्ये अल फाशेरजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर झाला होता. ज्याच्या ताब्यात जमीन नाही त्याचीसुद्धा सही लागते, इथवर आपण आलोय.

ठरावांचं म्हणाल तर १३ जून २०२४ला परिषदेने २७३६ क्रमांकाचा ठराव करून आरएसएफला अल फाशेरचा वेढा उठवायला सांगितलं. १४ मतं, रशिया तटस्थ. वेढा उठला नाही. नोव्हेंबरमध्ये ब्रिटन आणि सिएरा लिओनने नागरिकांच्या रक्षणाचा मसुदा आणला, तो रशियाने नकाराधिकार वापरून पाडला. रशियाचं कारण काय होतं? नागरिकांच्या रक्षणाची जबाबदारी सुदान सरकारची आहे, त्याला डावलून काही करता येणार नाही. वीस वर्षांपूर्वीचंच वाक्य.

सदू_सातारकर

आद्रेबद्दल मान्य. पण मग ट्रक न विचारता न्यायचे? उद्या बुरहान सरकारने पोर्ट सुदानहून जाणारी सगळी मदत बंद केली तर उत्तर आणि पूर्व सुदान उपाशी. पुन्हा २००९च्या त्या १३ संस्थांसारखं.

गोदाकाठ

हो, न विचारता न्यायचे. २०१४ला सीरियात ठराव २१६५ने परिषदेने नेमकं हेच केलं होतं. दमास्कसला फक्त कळवायचं, परवानगी मागायची नाही. चार चौक्या होत्या आणि काही वर्षं ते चाललं. दारफूरसाठी तसा ठराव झाला नाही. आला असता तर रशियाने पाडला असता हे मलाही दिसतं, पण पाडायला लावायचा होता.

लेफ्ट_राइट

दारफूरच्या त्या मिश्र दलाचं पुढे काय झालं हे कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. मे २०१९, बशीरची सत्ता जाऊन महिना झालेला. लष्करी परिषदेच्या प्रमुखपदावरून बुरहानने फर्मान काढलं, क्रमांक १०२ : संयुक्त राष्ट्रांचं दल सोडून जाईल ते तळ आरएसएफच्या ताब्यात द्यावेत. ज्यांच्यापासून रक्षण करायला दल आलं होतं त्यांच्याच हातात! संयुक्त राष्ट्रांनी ओरड केली, हस्तांतर थांबवलं. त्याच दिवसांत एल जेनिनाचा तळ सोपवताच लुटला गेला. ३१ डिसेंबर २०२०ला मिशन संपलं, सुदान सरकारलाही ते तसंच हवं होतं. एक वर्षाने अल फाशेरचा मोठा तळही लुटला गेला.

सोबतच्या एका अधिकाऱ्याने तेव्हा विचारलं होतं की आता तिथे काय उरलं. मी म्हटलं, विहिरी. दलाने जिथे जिथे तळ टाकले तिथे बोअर मारल्या होत्या, त्या तरी वापरात असतील.

टिनपाट

त्या फर्मानाची गोष्ट पहिल्यांदाच कळली. गोदाकाठ, आफ्रिकन युनियनवर वेगळा धागा काढा. सदूभाऊंनी सिर्तचा उल्लेख केला तो तिथे नीट मांडता येईल.

गोदाकाठ

काढतो. पण तो सुरू करावा लागेल जुलै २००४पासून, रवांडाने दारफूरला आपले सैनिक पाठवायची तयारी दाखवली तिथून. नागरिकांवर हल्ला झाला तर आमचे जवान बळ वापरतील, असं रवांडाचे अध्यक्ष पॉल कागामे यांनी तेव्हा जाहीर म्हटलं होतं. त्यावर खार्तूमने लगेच कळवलं की ते काम आमचं आहे, तुम्ही फक्त आफ्रिकन युनियनच्या युद्धविराम निरीक्षकांना सांभाळा.